पहिला वर, बाकीचे खाली

"सूनबाई, हे धर. नुसतं धर, विचार करत बसू नकोस."

बाबांनी माझ्या हातात दहाचा पाना दिला. कडेवर माझी लेक भिंगरी आणि मोकळ्या हातात तेलकट पाना अशी मी दारासमोरच्या फरशीवर उभी राहिले, आणि विचार करायला लागले.

त्या रविवारी मला दुसरं काही सुचतच नव्हतं. सोमवारी माझी रजा संपत होती. नऊ महिन्यांची भिंगरी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आजोबांजवळ राहणार असं घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे सासरे म्हणाले होते, "मी आहे ना." नवरा म्हणाला होता, "बाबा आहेत ना." आणि मी काहीच म्हणाले नव्हते. न बोलणं म्हणजे होकार, हा नियम आमच्या घरात फक्त मला लागू आहे.

बाबांनी तयारी तर महिनाभर आधीपासून चालवली होती. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या. खालच्या कप्प्यातल्या सगळ्या बाटल्या वर गेल्या. दाराच्या खिटीला दोरी बांधून पाहिली, मग सोडली, मग पुन्हा बांधली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, सासूबाई जाऊन चार. एवढ्या काळात या माणसाला कशासाठी उठावं हे कळत नव्हतं, आणि आता ते पहाटे उठून भिंगरीचे लंगोट घड्या घालून, लहान-मोठे वेगळे करून ठेवत होते.

आणि मी पंधरा दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवून होते.

भिंगरीला लस टोचून आणली का, असं त्यांनी एकाच दुपारी दोनदा विचारलं. एकदा तिला झबलं उलटं घातलं. एकदा ते न्हाणीघराच्या दारात बादली हातात धरून बराच वेळ उभे होते. कुणी काहीतरी विचारलंय आणि उत्तर आठवत नाहीये, अशा चेहऱ्याने. मी "बाबा?" म्हटलं तसे आत गेले. पण मग झबलं तर माझ्याकडूनही उलटं जातं. शिवाय झोप आली की भिंगरी डावा कान ओढते, हे आईच्या, म्हणजे माझ्या, आधी त्यांनीच ओळखलं होतं. मागच्या तापाच्या वेळी तापमापक मी झटकत होते तोवर त्यांनी नुसता तळवा लावून "शंभरच्या वर आहे" म्हटलं, आणि होताच. दोन रकाने करून लिहायला बसले असते तर दोन्ही सारखेच भरले असते.

नवऱ्याला मी हे एकदा सांगून पाहिलं.

"पहिला महिनाभर तू भिंगरीचे श्वास मोजत बसायचीस," तो म्हणाला. "आता ती धडधाकट आहे, तर बाबांचे मोजायला लागलीस."

खरंच होतं ते. मी मोजत असे. त्यामुळे मी माझं स्वतःचंही नेमकं किती ऐकायचं, ते मला समजेनासं झालं होतं.

तर त्या रविवारी गाडी मधल्या स्टँडवर चढवून, खाली पोतं अंथरून, बाबा तिच्या डाव्या अंगाला बसले होते. गेले दोन महिने मोटरसायकलचा गिअर पडायला कुरकुरत होता. पायाने दाबलं तर कधी पडे, कधी नुसताच खुळखुळे, आणि सिग्नलला न्यूट्रल शोधता शोधता नवऱ्याच्या तोंडून एकेक शब्द बाहेर पडत. गॅरेजवाला म्हणाला होता, दोन दिवस गाडी ठेवून जा.

"दोन दिवस!" बाबा म्हणाले होते. "दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस! त्याला गाडी हवीय फिरायला." आणि स्वतः जाऊन सुटा भाग घेऊन आले होते.

"हे बघ," ते आता मला सांगत होते. समजावून सांगायला त्यांना फार आवडे आणि नवरा कधी ऐकत नसे. "हा पायाखालचा लिव्हर. इथून ही दांडी निघाली. आणि इंजिनातून हा शाफ्ट बाहेर आलाय ना, त्याच्यावर बसलीय ही आखूड पट्टी. पाय दाबणार लिव्हर, लिव्हर ढकलणार दांडी, दांडी फिरवणार पट्टी, पट्टी फिरवणार शाफ्ट. म्हणजे दांडी कोण?"

"कोण?"

"निरोप्या. आणि निरोप्याच बहिरा झाला तर? घरधनी सांगणार एक आणि आत स्वयंपाक होणार दुसराच." त्यांनी जुनी दांडी हलवून दाखवली. तिच्या टोकाला वाटीत बसवलेली एक गोळी होती, ती खुळखुळत होती. "वाटी झिजली. माझ्या गुडघ्यासारखी. हिची नवी मिळते बाजारात, माझी मिळत नाही."

भिंगरीने हात पुढे करून "ग्घा" म्हटलं.

"कळलं बघ तिला," बाबा म्हणाले. "तुझा नवरा तीस वर्षांचा झाला तरी कळलं नव्हतं."

बाबा मेकॅनिक नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी गावात पाणी सोडलं. रस्त्याच्या कडेला खड्डा, खड्ड्यावर लोखंडी झाकण, झाकणाखाली व्हॉल्व्ह. कमरेएवढी उंच चावी गाडीला आडवी बांधून ते पहाटे निघत आणि एकेक वस्तीचं पाणी उघडत, बंद करत जात. लोक त्यांना पाणीवाले म्हणत. कुठला व्हॉल्व्ह किती आट्यांत पुरा उघडतो, कुठला मधेच अडतो, कुठला जुन्या कारागिराने उलटा बसवलाय, हे सगळं त्यांच्या मनगटात होतं. कागदावर काही नव्हतं. सगळ्यांना पंचवीस मिनिटं. साहेबांच्या वस्तीला पंचवीस आणि आपल्या गल्लीलाही पंचवीस. सासूबाई म्हणे जन्मभर कुरकुरत राहिल्या, "पाणीवाल्याची बायको मी, आणि हंडा घेऊन शेजारच्या दारात उभी!" तरी पाच मिनिटं जास्त कधी मिळाली नाहीत.

बाबांनी दांडीचं टोक बोटांनी चाचपलं. "आता गंमत बघ. ह्या टोकाचे आटे सुलटे, त्या टोकाचे उलटे. का?"

"का?"

"म्हणजे दांडी जागच्या जागी फिरवली की दोन्हीकडून एकदम लांब होते, नाही तर आखूड. हे ज्याला ठाऊक नसतं तो उलट्या बाजूनं जोर लावतो आणि नट कापून बसतो. मग गॅरेजमध्ये दोन दिवस!" ते हसले. पाना लावून त्यांनी उलट्या आट्यांचा नट बरोबर उलटाच फिरवला. एका झटक्यात सैल झाला. मी मनातल्या मनात चांगल्या रकान्यात एक खूण केली.

वरचा नट मात्र गंजला होता. तो काही हलेना.

"राहू दे. पट्टीसकटच बाहेर काढू. खडू आहे का घरात?"

खडू होता. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, माझ्या पर्सच्या तळाला खडूचे तुकडे कायम असतात. बाबांनी शाफ्टच्या तोंडावर आणि पट्टीवर मिळून एक सलग पांढरी रेघ ओढली.

"काढायच्या आधी खूण करायची. शाफ्टला हे बारीक दाते असतात, पट्टी कशीही बसते. एक दाता इकडचा तिकडे झाला तरी लिव्हरचं पाऊल वाकडं पडतं. खूण असली म्हणजे रेघेला रेघ मिळवायची, झालं."

पट्टी खाली लोंबत होती. घड्याळात सहा वाजावेत तशी. हे मी पाहिलं. मला सगळं पाहायची सवयच आहे.

त्यांनी पट्टी उतरवली, डब्यात ओतलेल्या रॉकेलमध्ये टाकली, आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घासायला लागले. मन लावून, खाचाखाचांतून. गंजलेला नट सुटला. पट्टी नव्यासारखी झाली. मग चिंधी घेऊन त्यांनी शाफ्टचं तोंडही स्वच्छ पुसलं.

दोन्हीकडची रेघ गेली.

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

का मिटलं, हे नंतर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. प्रयोगशाळेत आम्ही पहिल्याच दिवशी मुलांना सांगतो: प्रयोग चालू असताना हात घालायचा नाही, काय होतंय ते फक्त बघायचं. मी बघत होते. यांना आता आठवतं का, हे मला कळायला हवं होतं. उद्या मी घरात नसणार होते. उद्या भिंगरीला यांच्या हातून काही व्हायचं असेल तर आजच काय ते माझ्या डोळ्यांसमोर दिसू दे, असं काहीसं माझ्या मनात होतं. आणि त्याच वेळी असंही होतं की काही दिसू नये.

तेवढ्यात समोरच्या मावशी कठड्यावर ओणवल्या.

"काय पाणीवाले, आज गाडीला पाणी सोडताय काय?"

"गाडीला नाही, तुम्हाला सोडायचं राहिलंय," बाबा मान वर करून म्हणाले.

"जा हो! जन्मभर पंचवीस मिनिटं म्हणजे पंचवीस मिनिटं. माझ्या पोरीच्या लग्नात तरी अर्धा तास सोडायचं होतंत!"

"सोडलं असतं तर पलीकडच्या वस्तीतल्या पोरीचं बारसं राहिलं असतं ना मावशी."

मावशी हसत आत गेल्या. बाबाही हसत वळले, पट्टी उचलली, शाफ्टवर टेकवली, हाताच्या तळव्याने ठोकून बसवली. वर. बारा वाजल्यासारखी.

ही तर खाली होती! मग लगेच वाटलं, सहाच होते ना? की मी उभी होते म्हणून मला खाली दिसलं? मी डोळे मिटून आठवायला गेले तर पट्टी कधी खाली दिसे, कधी वर. भिंगरी माझी साखळी ओढत होती. बाबांनी नवी दांडी लावली, ती पुरेना. मग ते ती फिरवायला लागले. "एक... दोन... तीन..." ते मोजत होते, भिंगरी प्रत्येक आकड्याला मान डोलवत होती. जुनी दांडी पोत्यावर पडली होती. नवी तिच्यापेक्षा चांगली बोटभर लांब झाली. माझ्या डोळ्यांना तेही दिसलं. चौदाव्या आट्याला दांडी बसली. दोन्ही नट आवळले गेले, सुलटा सुलटा, उलटा उलटा.

"बाबा," मी म्हणाले, "ती रेघ..."

"कुठली रेघ?"

"काही नाही."

त्यांनी हात धुतले, हेल्मेट घातलं आणि एक चक्कर मारून येतो म्हणाले. मी फाटकाशी गेले. भिंगरीला इतकी घट्ट धरली होती की ती किंचाळली. बाबांनी गाडी सुरू केली, पायाचा चवडा लिव्हरखाली घालून वर उचलला, आणि गाडी तरंगल्यासारखी निघाली. धक्का नाही, आवाज नाही. कोपऱ्यापर्यंत दुसरा, तिसरा पडलेला मी ऐकला. वळून परत आले ते कॉलेजातल्या पोरासारखे ताठ बसून.

"लोणी!" हेल्मेट काढत ते म्हणाले. "लोणी आहे नुसतं. ये रे, तुझी गाडी घे!"

मीच चुकले होते. सहा नव्हते, बाराच असतील. गाडी चालली म्हणजे बरोबर बसली. लोखंड थोडंच कुणाची भीड ठेवून चालणार? मला बाबांच्या पाया पडावंसं वाटलं.

नवरा किल्ली बोटात फिरवत बाहेर आला. त्याला ऑफिसातल्या एकाकडे जायचं होतं. "दहा मिनिटांचं काम, सव्वा तास," तो म्हणाला.

"त्यातली पासष्ट मिनिटं तुझ्या बायकोला शिकवण्यात गेली. ती तरी शिकली."

नवरा गाडीवर बसला. त्याने पाय खाली दाबला. गाडी एक गचका खाऊन बंद पडली. "क्लच सांभाळ," बाबा म्हणाले. त्याने पुन्हा सुरू केली, जोर देऊन निघाला, गाडी कण्हत कण्हत पुढे गेली. कोपऱ्याच्या अलीकडे त्याने वेग घेतला. आणि मग इंजिन असं किंकाळलं की मावशींच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मागचं चाक जागच्या जागी घासलं, आणि नवरा व गाडी दोघं आडवे झाले.

मी कशी पळाले मला आठवत नाही. भिंगरी कडेवरच होती. नवरा उठून बसला होता. कोपराचं सालटं निघालं होतं, विजार गुडघ्यावर फाटली होती. समोरून काही येत नव्हतं. एवढं एकच मी बघत राहिले, रिकामा रस्ता.

गाडी ढकलत आणली. बाबा फाटकात उभे होते.

"क्लच न दाबता पाडलास गिअर."

"बाबा, उलटे बसवलेत तुम्ही!" नवरा कोपर धरून ओरडला. "सगळे उलटे! पहिल्यासाठी दाबला तर दुसरा पडतो, दुसऱ्यासाठी वर घेतला तर पहिला पडला!"

"उलटे कसे? पहिला वर, बाकीचे खाली. पहिल्यापासून तसंच आहे."

"कुठल्या गाडीला?"

"आपल्या."

"आपली ही आहे, बाबा. नऊ वर्षं झाली हिला घरात. हिचा पहिला खाली आहे. पहिला वर होता तो तुमच्या तांबड्या गाडीचा. ती भंगारात जाऊन किती वर्षं झाली! परवा हिच्यावरूनच तर गेला होतात ना मंडईत?"

बाबा गाडीजवळ गेले. टाकीवर हात ठेवला, जसा भिंगरीच्या कपाळावर ठेवत तसा, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हो," ते म्हणाले. "ही काळी आहे."

नवऱ्याचा राग एकदम ओसरला. तो माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या तोंडावर मला पंधरा दिवसांतलं माझंच तोंड दिसलं. "होतं असं," तो घाईने म्हणाला. "मावशींनी मध्येच बोलण्यात गुंतवलं असेल. होतं." आणि कोपर धुवायला आत गेला.

मी भिंगरीला त्याच्याजवळ दिली आणि बाहेर आले. बाबा पायरीवर बसले होते. हातात जुनी दांडी, अंगठ्याने तिची खुळखुळती गोळी फिरवत.

"बाबा," मी म्हणाले, "पट्टी खाली होती. सहा वाजल्यासारखी. मी बघितलं होतं. रेघ पुसली गेली तेही बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. नक्की आठवत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं.

"बघत होते," मी म्हणाले. "तुम्हाला आठवतं का ते."

अंगठा थांबला. मला वाटलं आता हे उठून जातील, किंवा काहीतरी असं बोलतील की जन्मभर पुरेल. मी पायरीच्या कडेला नखाने खरवडत राहिले.

"नवऱ्याला पाठवलंस गाडीवर," ते म्हणाले.

"तुमची चक्कर बघून वाटलं की माझंच चुकलं."

"हं." मग गोळी पुन्हा फिरवत, "मलाही वाटलं की तुझंच चुकतंय. गेले पंधरा दिवस. मागे मागे असतेस ते काय मला दिसत नाही? म्हटलं, पोर काळजीखोर आहे. बरंय. एक तरी पाहिजे घरात."

आतून नवऱ्याचा आवाज येत होता. तो भिंगरीला स्वतःचं कोपर दाखवून "बाऊ, बाऊ" म्हणत होता.

"मी एक वर्ष आधी नोकरी सोडली, ठाऊक आहे ना तुला?" बाबा म्हणाले.

"गुडघ्यांमुळे."

"गुडघे होतेच. पण एक दिवस खड्ड्यात चावी घातली, आणि कुठल्या बाजूला उघडतो ते आठवेना. रोजचा व्हॉल्व्ह. एकतीस वर्षं. बाया कळशा घेऊन उभ्या, एक जण म्हणाली, काय पाणीवाले, झोप लागली का? मग फिरवला एका बाजूला. पाणी आलं. बरोबर निघालं ते." त्यांनी दांडी पोत्यावर ठेवली. "पण ते मी सोडलेलं पाणी नव्हतं. ते आपलं आलं. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. तुझ्या सासूला सांगितलं गुडघे. तिला, तुझ्या नवऱ्याला, सगळ्यांना. मग तसं पुन्हा काही झालं नाही, म्हटलं गुडघेच असतील."

मी पोत्यावरची दांडी उचलून चिंधीत गुंडाळली.

"भिंगरीला उद्या माझ्याजवळ एकटीला ठेवू नकोस," ते म्हणाले. वर्तमानपत्र आत घेऊन ये म्हणावं इतक्या साध्या आवाजात. "मी घरात आहेच. पण एकटीला नको."

"बाबा, एका पट्टीवरून..."

"पट्टीवरून नाही. मी गाडीवर बसलो ना, मला सगळं बरोबर वाटत होतं. लोणी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चुकलं आणि कळलं, तर माणूस सावरतो. मला बरोबर वाटत होतं, सूनबाई."

ते उठले, दोन्ही गुडघ्यांवर हात देऊन. "चल. खडू आण. आणि ह्या वेळी तोंड उघडं ठेव."

आम्ही पुन्हा पोत्यावर बसलो. त्यांनी पट्टी उतरवली आणि शाफ्टसमोर धरली. "इकडे?"

"आणखी खाली."

"असं?"

"अजून. हां. असंच होतं."

"नक्की?"

मला नक्की नव्हतं. मी आत जाऊन नवऱ्याला बोलावलं, त्याच्या मोबाइलमध्ये गाडीचा एक जुना फोटो सापडला, भिंगरीला पहिल्यांदा टाकीवर बसवल्याचा. तिच्या पायाखाली, कोपऱ्यात, पट्टी दिसत होती. सहा वाजल्यासारखी. तिघांनी डोकी एकत्र करून तो फोटो पाहिला आणि त्यातल्या भिंगरीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. बाबांनी दांडी चौदा आटे आत घेतली, एक आटा बाहेर. या वेळी चक्कर नवऱ्याने मारली.

रात्री जेवताना त्याने विषय काढला. "डॉक्टरांना दाखवू. आणि पाळणाघर कशाला लगेच? एक-दोन महिने बघू ना." बाबा म्हणाले, "बघण्यातच कोपर फुटलं तुझं," आणि आमटी आणखी वाढून घेतली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आज जिंकले होते की काय झालं होतं, ते मला सांगता आलं नसतं. माझी शंका खरी ठरली होती आणि मला ती कुणाला तरी परत देऊन टाकायची होती.

सोमवारी मी आणखी एक दिवस रजा टाकली. कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर एक पाळणाघर आहे, तळमजल्यावर दोन खोल्या, खिडक्यांना जाळ्या. बाबा म्हणाले, मीही येतो, बघू दे मला कुठं ठेवताय. इस्त्रीचा सदरा घालून, भिंगरीला स्वतः उचलून ते माझ्या पुढे पुढे चालत आले. नवरा ऑफिसला गेला होता.

पाळणाघराच्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी एक छापील कागद पुढे घेतला आणि मला विचारायला सुरुवात केली, पण उत्तरं बाबाच देऊ लागले.

"झोप कधी?"

"साडेअकराला. डावा कान ओढायला लागली की समजायचं. पाच मिनिटं वाट बघायची, मग आडवी करायची. लगेच केलंत तर उठून बसते."

"खाणं?"

"मऊ भात. चमचा डावीकडून न्यायचा, उजवीकडून नेला तर तोंड फिरवते. पाणी वाटीनं, बाटलीनं नाही. आणि पहिला घोट ती थुंकते, त्यावरून तहान नाही असं समजू नका."

"रडली तर?"

"आधी उचलायचं नाही. नळ सोडायचा. बारीक धार. ती ऐकत बसते. नाहीच थांबली तर उचलायचं."

बाई लिहायच्या थांबल्या. "आजोबा, तुम्हीच या इथं नोकरीला. चौदा पोरं आहेत माझ्याकडं, एकाही आईला एवढं सांगता येत नाही." आणि घाईने माझ्याकडे बघून हसल्या.

बाबाही हसले. भिंगरी त्यांच्या सदऱ्याचं बटण चोखत होती. त्यांनी एकही गोष्ट चुकवली नव्हती. एकही उलटी नव्हती. मी ऐकत होते आणि माझं मन पुन्हा मागे वळायला लागलं होतं; इथूनच परत जावं, भिंगरीला घेऊन, उद्यापासून सगळं ठरल्यासारखंच करावं, एका पट्टीवरून एवढा मोठा...

बाईंनी कागद उलटा केला. "हां, वरचंच राहिलं की. बाळाचं नाव?"

"भिंगरी," बाबा म्हणाले.

"ते घरातलं झालं. कागदावरचं सांगा."

बाबांनी भिंगरीकडे पाहिलं. मग खिडकीच्या जाळीकडे. मग पुन्हा भिंगरीकडे. तिच्या तोंडातलं बटण त्यांनी हळूच सोडवलं.

"ते आईनं सांगावं," ते म्हणाले. आवाज अगदी ठाम होता. "घराबाहेर पहिल्यांदा नाव घालायचं असलं की आईनं सांगायचं असतं. तशी रीत आहे आमच्यात."

अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. या घरात येऊन मला चार वर्षं झाली होती.

"बरोबर आहे," मी म्हणाले, "आहे तशी रीत." आणि नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. बाई लिहू लागल्या. माझ्या शेजारी, भिंगरीच्या टाळूजवळ, बाबांचे ओठ हलले, आवाज न करता. एकदा. आणि मग, नीट बसलं की नाही ते बघितल्यासारखे, पुन्हा एकदा.